अँप्लिफायर लावला, डग्गा आला आणि काळ्या घोड्यापाशी जळका वास आला

वॅगनआरवाली, रावपुरा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गाडी २०१३ ची वॅगनआर, पेट्रोल आणि सीएनजी. गाडी बाबांची. बाबा इथल्याच, बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकले. सयाजीरावांनी १८८६ साली काढलेली गायनशाळा ती हीच. नोकरी मात्र आयुष्यभर बँकेत. आता कान थोडे मंदावलेत. गाडीत रेकॉर्डिंग लावलं की त्यांची एकच तक्रार: "चाट ऐकू येते, डग्गा कुठे गेला?" (चाट म्हणजे तबल्याच्या काठावरचा टणक बोल, डग्गा म्हणजे डाव्या हाताचा खर्ज.) कंपनीच्या स्टिरिओत आणि दारातल्या स्पीकरांत डग्गा नाहीच, हे खरं आहे.

म्हणून दिवाळीच्या बोनसमधून चार चॅनेलचा अँप्लिफायर आणि ८ इंची सबवूफर (खर्जासाठीचा मोठा स्पीकर) घेतला. पुढचे दोन चॅनेल दारातल्या स्पीकरांना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र जोडून, सबवूफरला. डिकीत सीएनजीचं सिलिंडर असल्याने सबवूफरची पेटी त्याच्या शेजारी कशीबशी बसली आणि अँप ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली गेला. एका दुकानाने दीड तासात सगळं बसवून दिलं, चहासकट. नाव लिहीत नाही, रोज तोंड बघायचंय.

पहिल्याच आठवड्यात दोनदा सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप केबल लावून चालू केली. दुसरं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज चढत जातो, पाय काढला की उतरतो. रात्री प्रत्येक "धा"ला हेडलाइट डोळा मारतात. आणि साधारण वीस मिनिटांनी अँपवर लाल दिवा लागून सगळं बंद.

गेल्या रविवारी कमाटीबागेतून परत येताना काळ्या घोड्याच्या सर्कलला प्लास्टिक जळाल्याचा वास आला. गाडी बाजूला घेतली, बाबांना उतरवलं, डॅशबोर्डखाली हात घातला तर लाल वायर एका जागी हात लावू देईना. पुढे-मागे कोमट, तेवढी एकच जागा कढत. सीटखाली, अँपच्या शेजारी एक फ्यूज आहे तो बघितला, ठणठणीत! तो काढून ठेवलाय. तेव्हापासून सिस्टीम बंद आहे.

दुकानदार म्हणतो, "फ्यूज उडाला नाही ना, मग वायरिंग बरोबर आहे." मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये.

आणखी एक, कामाचं असेल तर: ऑगस्ट २०२४ च्या पुरात ही गाडी समा भागात मावशीकडे उभी होती. रावपुऱ्यात पार्किंग कुठे आहे! विश्वामित्रीचं पाणी सीटपर्यंत आलं होतं. नंतर सगळं उघडून वाळवलं, कार्पेट धुतलं. गाडी चालते झकास.

बास_गोत्री

सिंपल आहे. हेडलाइट डिम होतात म्हणजे पॉवर कमी पडतेय. १ फॅरडचा कॅपॅसिटर लावून टाका, माझ्या गाडीत आहे, दिसतो पण एकदम भारी, निळा डिस्प्लेवाला.

निवृत्त_वायरमन

बेटा, बाकीचं नंतर. तू फ्यूज काढलास तो सीटखालचा. बॅटरीपासून त्या फ्यूजपर्यंतची वायर अजूनही जिवंत आहे आणि तिच्यावर कोणाचाही पहारा नाही. खाली जा, बोनेट उघड, १० नंबरचा पाना घे आणि बॅटरीची मायनस काढ. आधी मायनस. मग अँपची लाल वायर प्लसवरून काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळ. त्यानंतरच मायनस परत लाव. झालं की इथे लिही.

मायनस आधी का, तर पाना प्लसवर असताना दुसरीकडे बॉडीला टेकला, तर मायनस काढलेली असल्याने काही होत नाही. मायनस लागलेली असेल तर पानाच वेल्डिंगचा रॉड होतो. १९८७ साली माझ्या स्टीलच्या घड्याळाच्या पट्ट्याचा झाला होता. मनगटावर खूण अजून आहे. १२ व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. शॉक लागत नाही, आग लागते.

वॅगनआरवाली, रावपुरा

काढली काका. बांगड्या आणि घड्याळ घरात ठेवून गेले होते. 🙂

निवृत्त_वायरमन

शाब्बास. आता सावकाश सांगतो. मी रेल्वेत वायरमन होतो, डब्यांचं ११० व्होल्टचं डीसी वायरिंग. निवृत्तीनंतर मकरपुऱ्यात भाच्याच्या गॅरेजवर बसतो, त्यामुळे असली लाल वायर आठवड्यातून एकदा तरी हातात येते.

तुझा दुकानदार फ्यूजला साक्षीदार समजतो. फ्यूज फक्त एकच गोष्ट बघतो, वायरमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट जातोय का. एखादा सांधा सैल आहे, तिथे विरोध आहे, हे त्याला दिसतच नाही. तुझी वायर एकाच जागी तापते म्हणजे तिथे वायर कमी पडली म्हणून दोन तुकडे पीळ देऊन जोडलेत आणि वर टेप मारलीय, मी पैज लावतो. ३० अँपिअर जात असतील आणि त्या पिळाचा विरोध ओहमच्या हजाराव्या भागात १५ धरला, तर ३० गुणिले ३० गुणिले ०.०१५, साडेतेरा वॉट. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता, तीही बोटभर जागेत, कार्पेटखाली. फ्यूजच्या दृष्टीने मात्र सगळं आलबेल.

दुसरं, फ्यूज कुठे आहे. फ्यूज अँपला वाचवायला नसतो, अँपचे स्वतःचे फ्यूज त्याच्या अंगावर असतात. लाइनमधला फ्यूज वायरला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीपाशी हवा, प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. जितका जवळ तितका बरा. तुझ्या गाडीत तो दुसऱ्या टोकाला आहे. वायर इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकातून येते. त्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग नसेल, तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी इन्सुलेशन कापते. ज्या दिवशी तांबं पत्र्याला लागेल त्या दिवशी बॅटरी शेकडो अँपिअर त्या जागी ओतेल, आणि सीटखालचा फ्यूज शांतपणे बघत बसेल, कारण त्याच्यातून काहीच जाणार नाही. पाण्याची टाकी गच्चीवर आणि नळ तळमजल्यावर, मधला पाइप फुटला तर नळ बंद करून काय उपयोग?

आता मला हे बघून सांग:

अँपवर किती अँपिअरचे फ्यूज आहेत? खोक्यावरच्या वॉटकडे बघू नकोस, ती वरातीची संख्या असते.

लाल वायरचं टोक ब्लेडने खरवड. आत तांबूस की चंदेरी?

अर्थिंग, म्हणजे अँपची काळी वायर, कुठे लावलीय? पुरात भिजलेल्या गाडीत मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे.

रिमोटची, म्हणजे अँपला चालू-बंद व्हायला सांगणारी बारीक वायर कुठून आणलीय?

आणि गोत्रीवाले भाऊ, कॅपॅसिटर दिसतो छान, पण तो वीज तयार करत नाही. १ फॅरडचा कॅपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. ५०० वॉट ओढणाऱ्या अँपला ते एका सेकंदाचा विसावा भाग पुरतं. सैल सांध्यावर कॅपॅसिटर म्हणजे गळक्या छपराखाली चांदीचं भांडं.

बास_गोत्री

😅 काका, दिल पे लगी. पण निळा डिस्प्ले राहू द्या.

वॅगनआरवाली, रावपुरा

काका, तुम्ही पैज जिंकलात. डॅशबोर्डखाली पीळ आणि काळी टेप, टेप वितळून चिकट झालेली. भोकात ग्रोमेट नाही, वायर सरळ पत्र्याला घासतेय.

अँपवर २० चे दोन फ्यूज आहेत. खोक्यावर १६०० वॉट छापलंय. माहितीपत्रकात बारीक अक्षरात ४ ओहमला ५० वॉटचे चार, किंवा ब्रिज करून १५०.

वायरवर "८ गेज" अशी जाडी लिहिलीय. बाहेरून अंगठ्याएवढी जाड दिसते, पण सोलली तर सगळं रबरच. आतले धागे वरून तांबूस, खरवडले की चंदेरी.

रिमोटची वायर थेट लाल वायरलाच जोडलीय, सीटखाली.

अर्थिंग: सीटखाली फ्लोअरला एक सेल्फ टॅपिंग स्क्रू, रंगावरूनच ठोकलेला. आजूबाजूला गंजाची पापुद्री, नखाने निघते.

निवृत्त_वायरमन

थांब. फ्लोअरमध्ये स्क्रू? सीएनजीच्या गाडीत?

मागच्या सिलिंडरपासून इंजिनपर्यंत गॅसची स्टीलची नळी गाडीच्या पोटाखालूनच जाते. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, टायरमध्ये असतो त्याच्या शंभरपट जवळजवळ. स्क्रूचं टोक खाली कुठे निघालंय हे बघितल्याशिवाय गाडीत काहीही करू नकोस, स्क्रू काढूसुद्धा नकोस. सीएनजी किट बघणाऱ्या अधिकृत गॅरेजला जा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी रॅम्पवर घ्यायला सांग आणि गळती तपासून घे. सेल्फ टॅपिंग स्क्रू आणि ड्रिल मशीन ही माणसाला फार आत्मविश्वास देणारी हत्यारं आहेत.

वॅगनआरवाली, रावपुरा

आत्ताच आले. स्क्रूचं टोक नळीपासून चार बोटांवर निघालंय. चार बोटं! मेकॅनिकने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. गळती नाही. नवं वायरिंग लागलं की स्क्रू काढून, भोक साफ करून प्रायमर आणि सीलंट भरायला सांगितलंय. बाबांना फोटो दाखवला नाही.

आता नव्याने सगळं करायचंय. काय आणू?

निवृत्त_वायरमन

देवाची कृपा. आता ऐक.

दोन्ही फ्यूज मिळून ४० अँपिअर, म्हणजे अँप १३.८ व्होल्टला फार तर ५५० वॉट ओढणार. हा क्लास एबी अँप आहे, ओढलेल्यातलं निम्म्याच्या जरा वर आवाजात जातं, उरलेलं गरम होण्यात. ५०, ५० आणि १५० मिळून २५० वॉटचा खरा माल, माहितीपत्रकाशी जुळतंय. १६०० विसर.

तुझी वायर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. करंट वाहायला ती अस्सल तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश, वरून स्क्रूखाली दबून सैल होते आणि वाकवली की धागे तुटतात. टाकून दे. शुद्ध तांब्याची ४ गेज घे, साधारण २१ चौरस मिलिमीटर. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. दुकानात गेज कळलं नाही तर चौरस मिलिमीटरमध्ये माग. तीन मीटरला ८ गेज अस्सल तांबंही चाललं असतं, पण पैसे वायरवर खर्च होतात तेव्हा मला वाईट वाटत नाही.

फ्यूज ५० चा, बॅटरीपाशी, झाकणवाल्या होल्डरमध्ये. ४ गेजच्या किटमध्ये ८० किंवा १०० चा येतो. वायर तेवढं सोसते, पण तुझ्या अँपला ५० पुरे. फ्यूज वायरच्या कुवतीच्या वर कधीही जाऊ नये, खाली कितीही चालेल, फार तर उडेल. दुकानदार "उडतोय, मोठा टाकू" म्हणाला की गाडीची चावी घेऊन निघून यायचं.

मधे जोड नको, एकच सलग तुकडा. टोकांना तांब्याचे लग (बोल्टला अडकणारी कडी), क्रिम्पिंग टूलने दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). पक्कडने चेपलेला लग दिसायला तसाच दिसतो आणि सहा महिन्यांनी ओढला की हातात येतो. पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, इंजिनच्या बाजूला वायरवर फ्लेक्सिबल पाइप, सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून लांब.

अर्थिंगची वायरही ४ गेजच, शक्य तेवढी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत बघ. फ्लोअरला नवं भोक पाडायचं नाही. सीटच्या जवळपास गाडीच्या बॉडीला कंपनीनेच अर्थिंगचा बोल्ट दिलेला असेल तो शोध. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावू नकोस, त्याचं काम वेगळं आहे. बोल्टभोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत कर, लग लाव, दात असलेला वॉशर घाल, कस, आणि मग वरून रंगाचा हात मार. रंग आधी मारशील तर पुन्हा तेच. पुराचं पाणी कार्पेट वाळलं तरी पत्र्याच्या घड्यांत महिनोन् महिने राहतं. बॅटरीच्या मायनसची जाड वायर बॉडीला जिथे लागते तो बोल्टही त्याच दिवशी उघडून घास.

रिमोट वायर स्टिरिओच्या मागून, निळ्यावर पांढरी रेघ असलेली. स्टिरिओ बंद झाला की अँपही झोपला पाहिजे. तुझा अँप रात्रभर जागा असायचा, म्हणून सकाळी टक-टक. वॅगनआरची बॅटरी केवढीशी, ३५ अँपिअर-तासाची.

आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओतून अँपकडे आवाज नेणारी, एका बाजूने, पॉवर दुसऱ्या बाजूने.

सगळं लागल्यावर मोज. फोनवर ५० हर्ट्झचा टोन लाव, आवाज मध्यम, गाडी चालू. मल्टीमीटर डीसीवर ठेव. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अँपच्या मायनसला. वायर पुरणार नाही, घंटीची साधी वायर जोडून लांब कर. तिथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. तसंच प्लस ते प्लस. जुनी वायर टाकायच्या आधी, ती बोनेटखाली तात्पुरता फ्यूज घालून दोन मिनिटं लावून हीच मापं घेतलीस तर पोरांना दाखवायला बरं. कढत सांधा आधी तोडून नीट जोड, आणि एका हाताने मीटर, दुसऱ्याने स्टिरिओची चावी. घाबरत असशील तर गॅरेजवर ये.

नवी_गाडी_वाघोडिया

मध्ये बोलतो, माफ करा. माझ्या नव्या गाडीत बॅटरीच्या मायनसवरच एक छोटा प्लास्टिकचा डबा आणि बारीक प्लग आहे. अर्थिंग थेट तिथे दिलं तर चालेल का? आणि मित्राकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, त्याला पण अँप लावायचाय.

निवृत्त_वायरमन

तो बॅटरीचा सेन्सर आहे. अर्थिंग सेन्सरच्या अलीकडे, बॅटरीच्या खांबालाच दिलं तर अँपचा करंट त्याला दिसत नाही आणि गाडीचा हिशोब चुकतो. म्हणून बॉडीलाच द्या. असल्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) मधूनच व्होल्टेज कमी करतो, तेव्हा १४ च्या ऐवजी कमी दिसलं तर घाबरू नका. वॉरंटीचं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

मित्राला सांगा, नारिंगी वायर दिसली की हात मागे. तिथे शेकडो व्होल्ट असतात, तिथे मी पण हात घालत नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी त्या गाडीतही असते, पण काम कंपनीच्या माणसाकडून.

वॅगनआरवाली, रावपुरा

काका, शनिवारी गॅरेजवर येऊन गेले ती मीच. चहाबद्दल आणि क्रिम्पिंग टूलबद्दल धन्यवाद. ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी, दोन्ही वेळा तोच टोन, स्टिरिओचा आवाज तेवढाच:

जुनं वायरिंग: बॅटरीवर १३.७, प्लसच्या वायरीत ०.९ गळाले, अर्थिंगमध्ये १.३. अँपला उरले ११.५.

नवं वायरिंग: बॅटरीवर १३.८, प्लसमध्ये फ्यूज धरून ०.२, अर्थिंगमध्ये ०.०४. अँपला साडेतेराच्या वर.

म्हणजे वायरपेक्षा तो गंजलेला स्क्रूच जास्त खात होता. कुंई गेली. लाल दिवा तासभरात लागला नाही. हेडलाइट अजून जरासे लवतात, पण गाडी जागेवर उभी असतानाच.

आता गेन. दुकानदाराने सगळे खटके शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते.

निवृत्त_वायरमन

लाइट जागेवर लवणारच, आयडलला अल्टरनेटर कमी देतो. तेवढं सोड. प्लसचे ०.२ फ्यूज होल्डर धरून आहेत, चालेल.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओ आणि अँपची ओळख करून द्यायची ती जागा. सबवूफरची वायर अँपवरून काढ, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसीवर. १५० वॉट गुणिले ४ ओहम ६००, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. गेन शून्यापासून हळूहळू चढव, २४ च्या आसपास आलं की हात काढ. डग्ग्यासाठी त्याच्याही खाली ठेवलंस तर बाबांना जास्त आवडेल.

वॅगनआरवाली, रावपुरा

१९ वर ठेवलंय. काल बाबांना घेऊन अकोट्याच्या पुलावरून चक्कर मारली. पुलाच्या मध्यावर डग्ग्याची मींड आली तेव्हा त्यांनी मांडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "डग्गा आहे. पण मागे कोणीतरी खंजिरी वाजवतंय."

खंजिरी म्हणजे मागची नंबर प्लेट. त्याला काय लावू?

बास_गोत्री

प्लेटच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप. ह्यात तरी माझं ऐका.

निवृत्त_वायरमन

ह्यात ऐक त्याचं. आणि महिन्याने फ्यूज होल्डरचे स्क्रू एकदा कसून घे, नवं तांबं दबतं.